नागपुरात दर आठवड्याला बोर्डगेमची बैठक: जमवायची कशी, टिकवायची कशी

बोर्डगेम म्हटलं की बहुतेकांना अजून सापशिडी, लुडो नाहीतर व्यापार आठवतो. पण १९९५ साली जर्मनीत ‘कतान’ आला आणि त्यानंतरच्या तीसेक वर्षांत या खेळांची एक वेगळी पिढी तयार झाली. या खेळांत फासे असले तरी सगळी भिस्त फाशांवर नसते. बहुतेक खेळांत कोणी अर्ध्यातच बाद होऊन भिंतीला टेकून बसत नाही, आणि डाव किती वेळ चालेल याचा अंदाज आधी बांधता येतो. म्हणून दिवसभर काम करून आलेल्या माणसालाही हे खेळ आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी झेपतात.

अशी बैठक आपल्या भागात सुरू करायची असेल तर एक गोष्ट आधीच सांगतो. ती कपाटातल्या डब्यांच्या संख्येवर टिकत नाही. पहिल्यांदा आलेला माणूस दार उघडून आत आल्यापासून वीस मिनिटांत खेळायला लागतो की नाही, यावर टिकते. खालचं सगळं त्यासाठीच आहे.

वार आणि वेळ

व्हॉट्सॲप गटावर दर आठवड्याला “या वेळी कोणाला कधी जमते?” असं विचारायला लागलात की महिन्याभरात बैठक बंद पडते. पाच जण पाच वार सांगतात आणि उत्तरं येईपर्यंत आठवडा सरतो. त्यापेक्षा एकच वार धरा आणि जाहीर करा: दर गुरुवारी, साडेसातला, अमुक ठिकाणी, तिघं आले तरी डाव मांडणार. तिघांत रंगणारे खेळ भरपूर आहेत, तेव्हा संख्येची चिंता नको.

रविवार मी टाळायला सांगेन. रविवारी कोणाकडे साक्षगंध असतं, कोणाकडे पाहुणे, कोणी रामटेकला निघालेलं असतं. मंगळवार-गुरुवारची संध्याकाळ रिकामी सापडते. मिहानमधून किंवा हिंगण्याकडून सुटून येणाऱ्यांना सातच्या आत शहरात पोचणं कठीण, म्हणून साडेसात बरे. पहिली वीस-पंचवीस मिनिटं एखादा छोटा खेळ ठेवा, ज्यात उशिरा आलेल्याला मध्येच बसता येईल. सव्वाआठला मुख्य खेळ. दहाला डबे बंद, आणि साडेनऊनंतर नवा मोठा डाव मांडायचा नाही. हे शेवटचं बंधन कठोरपणे पाळा. वसतिगृहात राहणाऱ्या मुलींना दाराची वेळ असते, लांब राहणाऱ्यांना घर गाठायचं असतं. “आता एक शेवटचा” म्हणत सगळ्यांना साडेअकरापर्यंत बसवलंत, तर पुढच्या गुरुवारी त्यातले निम्मे येणार नाहीत.

जागा

सुरुवात कोणाच्या तरी घरीच करा. चार जणांच्या कतानला साधारण तीन फूट बाय तीन फूट जागा लागते, म्हणजे जेवणाचं टेबल पुरतं. काचेचा टीपॉय नको. गुळगुळीत काचेवरून पत्ते नखाने उचलावे लागतात, आणि वाकून वाकून पाठ भरून येते. टेबलावर जाडसर चादर अंथरली की पत्ते सहज उचलता येतात, फासे खळखळत खाली पळत नाहीत आणि सोंगट्या घसरत नाहीत. खाली सतरंजीवर शब्दांचे खेळ छान होतात, पण दीड तासाच्या खेळाला मांडी घालून बसवणं म्हणजे वयस्कर मंडळींना शिक्षा आहे. डोक्यावर पांढरी ट्यूब हवी. पिवळ्या दिव्याखाली लाल आणि नारिंगी सोंगट्या सारख्याच दिसतात.

सात-आठ जण नियमित येऊ लागले की घरच्यांवर भार पडतो. मग धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर, सदर या भागांतल्या एखाद्या कॅफेच्या मालकाशी आधी जाऊन बोला. आम्ही इतके जण, अमुक वार, इतक्या ते इतक्या वेळात येऊ, प्रत्येक जण काहीतरी मागवेल, दोन टेबलं जोडून मिळतील का आणि गाण्यांचा आवाज थोडा कमी होईल का, एवढं सरळ विचारायचं. आठवड्याच्या मध्यावर बरीच टेबलं रिकामी असतात, त्यामुळे मालकालाही हे सोयीचं पडतं. आधी न सांगता दहा जणांनी धडकायचं आणि तीन चहांवर दोन तास काढायचे, असं मात्र करू नका. जागा निवडताना मेट्रोचं स्टेशन पायी अंतरावर आहे का ते पाहा. शंकरनगर किंवा झाशी राणी चौक धरला तर लोकमान्यनगरकडचे आणि प्रजापतीनगरकडचे दोघेही ॲक्वा मार्गाने थेट येतात, आणि वर्धा रोडकडच्यांना सीताबर्डीला एकदा गाडी बदलावी लागते.

सोसायटीचं सभागृह मागायचं असेल तर सचिवांना लेखी अर्ज द्या आणि एक डबा उघडून दाखवा. पत्ते आणि फासे लांबून दिसले की शेजाऱ्यांना शंका येते, आणि ती साहजिक आहे. १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा आपल्याकडे आजही लागू आहे. पैसे लावायचे नाहीत, अगदी दहा रुपयेही नाहीत. हा नियम पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगा.

पहिले डबे कोणते घ्यावेत

तीनच घ्या. आणि ते घेताना तुम्हाला काय खेळावंसं वाटतं ते बाजूला ठेवून, येणारी माणसं कोण आहेत ते पाहा.

पहिला ‘तिकीट टू राइड’. ॲलन मून यांचा २००४ सालचा खेळ, दोन ते पाच जणांचा, तासाभरात संपतो. रमी खेळलेल्या माणसाला एका रंगाचे पत्ते साठवणं शिकवावं लागत नाही, त्यामुळे काका-काकूंपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे यात पटकन येतात.

दुसरा ‘अझूल’. मिखाएल कीसलिंग यांचा, २०१७ सालचा, दोन ते चार जणांसाठी. त्यात वाचायचं काहीच नाही, फक्त रंगीत फरशा. इंग्रजीचा संकोच असलेल्या माणसासमोर मी नेहमी हाच ठेवतो. एक फेरी खेळून दाखवली की बाकीचं बोलावं लागत नाही. आणि फरशा हाताला इतक्या छान लागतात की मुलं आपणहून टेबलाजवळ येतात.

तिसरा ‘कोडनेम्स’, सहा-आठ जण एकदम आले तर. याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे, कारण मराठी मंडळींत तो डब्यातल्या शब्दांनी खेळू नये असं माझं मत आहे.

पैसे उरले तर ‘सिक्स निम्ट’ हा पत्त्यांचा छोटा खेळ घ्या. १ ते १०४ आकड्यांचे पत्ते, दोन ते दहा जण. प्रत्येकाने एकेक पत्ता पालथा टाकायचा, सगळे एकदम उघडायचे आणि चढत्या क्रमाने चार रांगांत लावायचे. रांगेत सहावा पत्ता ज्याचा लागेल त्याने आधीचे पाच उचलायचे. उशिरा येणाऱ्यांची वाट पाहताना याच्याइतका सोयीचा दुसरा खेळ मला सापडलेला नाही.

काहीच विकत न घेता सुरुवात करायची असेल तर पत्त्यांचा एक कॅट पुरे. ‘स्कल’ नावाचा खेळ त्यावर होतो. प्रत्येकाने तीन लाल पत्ते आणि एक काळा पत्ता घ्यायचा. सगळ्यांनी आपापल्यापुढे एक पत्ता पालथा ठेवायचा. मग पाळीपाळीने एक तर आणखी एक पत्ता त्यावर ठेवायचा, किंवा “मी टेबलावरचे इतके पत्ते काळा न लागता उलटेन” अशी बोली लावायची. एकदा बोली लागली की पत्ते ठेवणं बंद. पुढच्याने बोली वाढवायची किंवा माघार घ्यायची. सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याने आधी आपले सगळे पत्ते उलटायचे, मग इतरांचे. काळा लागला तर त्याचा एक पत्ता कायमचा जातो. दोनदा बोली पार पाडणारा जिंकला. सहा जणांत हा खेळ इतका रंगतो की नवख्यांची भीड इथेच मोडते.

कतान मी पहिल्या दिवशी मांडत नाही. क्लाउस टॉयबर यांचा हा खेळ फार चांगला आहे आणि त्यातली वस्तूंची देवाणघेवाण आपल्या माणसांना जमतेही झकास, पण पहिली दोन घरं चुकीच्या जागी बसली तर पुढचा सव्वा तास तो भिडू नुसता बघत राहतो. घरालगतच्या जागेवरचा आकडा फाशांवर आला तरच वस्तू मिळतात. दोन फाशांवर ६ किंवा ८ येण्याच्या प्रत्येकी ५ शक्यता असतात, २ किंवा १२ येण्याची प्रत्येकी एकच, एकूण ३६ पैकी. नवख्याला हे माहीत नसतं. दोन-तीन आठवडे झाल्यावर कतान काढा, आणि तेव्हाही नियमपुस्तिकेत नवशिक्यांसाठी दिलेली तयार मांडणीच वापरा. मूळ डबा तीन-चार जणांचा आहे. पाच-सहा जणांसाठी वेगळा जोडडबा मिळतो, पण नवखे असताना त्याच्या वाटेला जाऊ नका, डाव फार लांबतो.

खरेदीबद्दल दोन गोष्टी. किंमत अविश्वसनीय वाटण्याइतकी कमी असेल तर तो डबा बनावट असण्याची शक्यता मोठी. पातळ पत्ते, पुसट छपाई, तिरके कापलेले कोपरे, फिकट रंग. अशा डब्यात पत्ते मागच्या बाजूने ओळखू येतात आणि खेळ बिघडतो. दुसरं, वर्गणी काढून सामाईक डबा घेऊ नका. घेणाऱ्यांपैकी कोणी नोकरीसाठी पुण्याला गेलं की डबा कोणाचा हा प्रश्न येतो. ज्याने घेतला त्याचा डबा, आणि वर्गणी फक्त खाण्यापिण्याची, म्हणजे हिशेब स्वच्छ राहतो.

माणसं किती, टेबलं किती

सात जण आले की सगळ्यांना एकत्र बसवायचा मोह होतो. शब्दांच्या खेळांत ते जमतं. बाकी वेळी चार आणि तीन असे दोन गट करा. सहा जणांच्या टेबलावर आपली पाळी पुन्हा येईपर्यंत दहा मिनिटं जातात, आणि तेवढ्यात हातात मोबाइल येतो. दोन टेबलं झाली तर दोन्हीकडे साधारण सारख्या लांबीचे खेळ मांडा, नाहीतर एक टेबल अर्धा तास ताटकळतं. आणि प्रत्येक टेबलावर तो खेळ येणारा एक तरी माणूस हवा. जोडपी, सख्खे मित्र यांना पहिल्या डावात वेगवेगळ्या टेबलांवर बसवा. नवीन आलेल्याला गप्पांत शिरायला वाव मिळतो.

नियम सांगणं

बैठकीचा जीव इथे आहे, म्हणून इथे वेळ घालवतो.

नियम सांगणाऱ्याने तो खेळ आधी घरी मांडून, दोन भिडूंचे हात स्वतःच खेळून, निदान एकदा शेवटपर्यंत नेलेला असावा. व्हिडिओ पाहणं मदतीचं आहे, पण व्हिडिओ पाहून आलेल्याला तिसऱ्या पाळीला पडणाऱ्या प्रश्नाचं उत्तर येत नाही. स्वतः खेळलेल्याला येतं. टेबलावर बसून सगळ्यांसमोर नियमपुस्तिका वाचून दाखवणं तर मुळीच नको. लोक यायच्या आधी पट अंथरलेला, पत्ते पिसलेले, सोंगट्या वाट्यांत काढलेल्या असाव्यात.

सांगण्याचा क्रम असा ठेवा: आपण कोण आहोत आणि काय करतो आहोत, जिंकतो कोण, डाव संपतो कधी, आपल्या पाळीत काय करता येतं. बाकी सगळं त्यानंतर. पुष्कळ जण उलट करतात. कोणता पत्ता कसा चालतो इथून सुरुवात होते आणि ऐकणाऱ्याला हे सगळं कशासाठी हेच कळत नाही.

तिकीट टू राइड मी साधारण असा सांगतो:

“हा अमेरिकेचा नकाशा आहे. आपल्याला शहरं रेल्वेनं जोडायची आहेत. शेवटी ज्याचे गुण जास्त तो जिंकला. गुण तीन ठिकाणांहून येतात. एक, मार्ग बांधला की लगेच: एका डब्याच्या मार्गाला १ गुण, सहा डब्यांच्या मार्गाला १५. म्हणजे लांब मार्ग फायद्याचे. दोन, तुमच्या हातातली तिकिटं: त्यावर दोन शहरं आहेत, ती जोडली तर तेवढे गुण मिळतात, नाही जोडली तर तेवढेच वजा होतात. तीन, सगळ्यात लांब सलग रेल्वे ज्याची, त्याला १० जास्तीचे. प्रत्येकाकडे ४५ डबे आहेत. कोणाकडे दोन किंवा कमी उरले की सगळ्यांना एकेक पाळी मिळते आणि डाव संपतो. तुमच्या पाळीत तीनपैकी एकच गोष्ट करायची. दोन पत्ते उचला, किंवा पत्ते देऊन एक मार्ग बांधा, किंवा नवीन तिकिटं घ्या. बस्स. चला, काकू, तुम्ही सुरू करा.”

यात दोन मिनिटंही जात नाहीत. उघडं पडलेलं इंजिन (कोणत्याही रंगाच्या जागी चालणारा पत्ता) उचललं तर दुसरा पत्ता मिळत नाही, राखाडी मार्गाला कोणताही एक रंग चालतो, जोडमार्गाचं (त्याच दोन शहरांमधल्या दोन समांतर मार्गांचं) काय, हे ज्याच्या त्याच्या पाळीला सांगायचं. मात्र एक पथ्य पाळा. गुण कापले जातील असा नियम कधीच मागे ठेवू नका. अपुऱ्या तिकिटाचे गुण वजा होतात हे तिकिटं निवडायच्या आधी सांगितलंच पाहिजे. कतानमध्ये ७ आल्यावर हातात सातपेक्षा जास्त पत्ते असलेल्याचे अर्धे जातात, हेही डाव सुरू होण्याआधी. “अरे, हे तर सांगितलंच नाही” असं नवख्याला एकदा म्हणावं लागलं की त्याचा सांगणाऱ्यावरचा विश्वास जातो.

“कळलं का?” असं विचारू नका. सगळे मान हलवतात. त्याऐवजी “आता तुझी पाळी आली तर काय काय करता येईल?” असं विचारा. अडेल तिथे लगेच कळतं. पहिल्या दोन पाळ्या उघड्या पत्त्यांनी खेळून, मग पत्ते परत घेऊन खरा डाव सुरू केला तरी चालतं. आणि सांगणाऱ्याने पहिल्या डावात आपल्या जिंकण्याचा विचार बाजूला ठेवावा. त्याचं लक्ष सगळ्यांच्या पाळ्यांवर हवं.

परदेशी शहरांची नावं शोधण्यात नवखे अडकतात. प्रत्येक तिकिटावर छोटा नकाशा छापलेला असतो, तो दाखवून द्या. तिकिटं हातात पडल्यावर सगळ्यांना एकदमच दोन मिनिटं नकाशा बघायला द्या, म्हणजे कोण कुठे बघतंय याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

मराठी कोडनेम्स

व्लादा ख्वातिल यांचा हा २०१५ सालचा खेळ. पाच बाय पाच असे २५ शब्द टेबलावर. दोन गट, दोघांचा एकेक म्होरक्या. सुरुवात करणाऱ्या गटाचे ९ शब्द, दुसऱ्याचे ८, सात तटस्थ, आणि एक मारेकरी. कोणते शब्द कोणाचे हे फक्त म्होरक्यांना माहीत. म्होरक्याने एक शब्द आणि एक आकडा एवढंच सांगायचं, आणि आपल्या गटाने तेवढे शब्द ओळखायचे. मारेकऱ्याला हात लागला की गट तिथेच हरला.

डब्यातले शब्द इंग्रजी असतात. त्याने खेळ होतो, पण निम्मे लोक गप्प बसतात. शब्दांचे पत्ते घरी बनवा. जाड कार्डशीटचे तुकडे आणि काळा मार्कर पुरे. शब्द दोन्ही दिशांनी लिहा, म्हणजे समोरच्यालाही सुलटा दिसेल. कोणता शब्द कोणाचा हे सांगणारे आराखड्याचे पत्ते डब्यातलेच वापरता येतात, कारण त्यांवर फक्त रंगीत चौकोन असतात.

शब्द निवडताना एकाहून जास्त अर्थांचे घ्या, कारण खेळाची सगळी मजा त्यात आहे: बोट, पान, हार, वर, कर, तीर, शिरा, मान, तार, माळ, सूर, पूर, नाव, अंक, कळ, गार, रस. त्यात आपल्या गावचे थोडे मिसळा: बर्डी, तर्री, संत्रा, मारबत, फुटाळा, वाघ, कोळसा. सुरुवातीला शंभर शब्द झाले तरी बरेच आठवडे पुरतात.

समजा नाव, बोट, पूर आणि तीर हे चारही तुमचे आहेत. “पाणी, चार” म्हणावंसं वाटेल. पण फुटाळा जर मारेकरी असेल तर गट आधी त्यावरच बोट ठेवेल. “नदी, चार” म्हटलं तर तलाव आपोआप बाजूला राहतो. अशी सूचना सुचली आणि गटाने चारही बरोबर उचलले की टेबलावर जो आरडाओरडा होतो, त्यासाठी कॅफेच्या मालकाची आधीच क्षमा मागून ठेवावी.

मराठीत खेळताना दोन-तीन नियम आधी ठरवून घ्या. टेबलावर ‘पूर’ असेल तर ‘पुराचा’, ‘महापूर’ असं काही चालणार नाही. टेबलावरच्या शब्दाचं हिंदी किंवा इंग्रजी रूप सूचना म्हणून देता येणार नाही, म्हणजे वाघाला ‘शेर’ नाही आणि ‘टायगर’ही नाही. एरवी हिंदी-इंग्रजी शब्द सूचनेत चालू द्या. नागपूरकर बोलतो तसाच खेळणार, त्याला अडवू नये. अट एवढीच की शब्द टेबलावरच्या सगळ्यांना माहीत हवा.

टेबलावर अडतं ते

‘पँडेमिक’सारख्या सगळ्यांनी मिळून खेळायच्या खेळात एक हुशार माणूस चौघांच्या वतीने खेळू लागतो. “तू इकडे जा, तू हा पत्ता दे.” बाकीचे नुसते सोंगट्या हलवतात. यावर आमच्या टेबलाचा नियम असा आहे की ज्याची पाळी आहे त्याने विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. तरी आवरत नसेल तर ‘हनाबी’ काढा. त्यात आपले पत्ते आपल्याला दिसतच नाहीत, इतरांना दिसतात, आणि काय सांगायचं हे खेळानेच बांधून दिलेलं आहे. पँडेमिक पहिल्यांदा खेळताना साथीचे चारच पत्ते घाला. हरण्याची शक्यता तरीही पुरेशी असते.

विचार करत बसणाऱ्यावर घड्याळ लावू नका. “काय करून राहिला भाऊ, टाक नं लवकर” असं चारदा ऐकलं की तो चिडतो नाहीतर कसंही खेळतो. त्याच्या आधीच्या भिडूची पाळी सुरू असतानाच “पुढचा तू आहेस” एवढं हळूच सांगा. बहुतेकांना तेवढं पुरतं.

नियमावरून वाद झाला तर पुस्तिका उघडून दोन मिनिटं शोधा. सापडला नाही तर सगळ्यांनी मिळून एक काय ते ठरवा, डाव पुढे न्या आणि घरी जाऊन नीट वाचा. पुढच्या गुरुवारी सगळ्यांसमोर सांगा. चालू डावात नियम चुकीचा खेळलो हे लक्षात आलं तर, सगळे बदलायला तयार नसतील तर, त्या डावापुरता तसाच राहू द्या.

मागच्या आठवड्यातला राग या आठवड्यात काढायचा नाही. कतानमध्ये पुढे असलेल्यावर चोर बसवणं, म्हणजे त्याची कमाई अडवणारी सोंगटी ठेवणं, हा खेळ आहे. “मागच्या वेळी तू मला बसवला होतास” म्हणून बसवणं हा रडीचा डाव. हे गोड शब्दांत, पण लगेच सांगायला हवं, कारण नवीन आलेला माणूस इथला स्वभाव अशाच प्रसंगांतून जोखत असतो. बायका-मुली येत असतील तर कोणाच्या बोलण्यात आगाऊपणा येत नाही ना, याकडे यजमानाचं लक्ष असायलाच हवं, आणि तसं दिसलं तर त्या माणसाला पुढच्या वेळी बोलावू नये. याबाबतीत भिडेखातर गप्प बसू नका.

लहान मुलं आली तर लिंबूटिंबू म्हणून एखाद्या मोठ्याच्या जोडीला बसवा. दोन आठवड्यांत ती स्वतंत्र हात मागतात.

तर्री, कूलर, पावसाळा

खाणं असणारच आणि असावंही. फक्त तर्री पोहे आणि पत्ते एका टेबलावर येऊ देऊ नका. त्या तेलाचा डाग पत्त्यावर पडला की तो पत्ता पाठमोरा ओळखू येतो, म्हणजे बाद. संत्राबर्फीचंही तेच, बोटं चिकट होतात. मध्यंतर ठरवून घ्या, दुसऱ्या जागी खा, हात धुऊन बसा. टेबलावर चालतील असे फुटाणे, मखाणे, शेंगदाणे. चहाचे कप खुर्चीशेजारच्या स्टुलावर.

उन्हाळ्यात कूलरशिवाय बसणं अशक्य, आणि कूलरचा झोत पत्ते उडवतो. कूलरचं तोंड टेबलापासून दुसरीकडे वळवा आणि पंखा दोनवर ठेवा. कूलरच्या दमट हवेने पत्ते वाकतात, घामट हातांनी चिकटतात. नेहमी पिसावे लागणारे पत्ते पारदर्शक पाकिटांत घाला. पाकिटं मागवण्याआधी पत्ते पट्टीने मोजून घ्या. ६३.५ बाय ८८ मिलिमीटर हे माप सर्रास असतं, पण सगळ्या खेळांचं तेच नसतं. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि डबे आडवे ठेवा. सोंगट्यांसाठी हळदीकुंकवाच्या स्टीलच्या वाट्या उत्तम. डबा बंद करताना मोजून भरायची सवय लावा, कारण हरवलेली एक फरशी दुसऱ्या दिवशी झाडूबरोबर गेलेली असते.

मोठे खेळ

दोन-तीन महिन्यांनी काहींना भूक वाढते. ‘विंगस्पॅन’ हवा असतो, ‘टेराफॉर्मिंग मार्स’ हवा असतो. विंगस्पॅन हा एलिझाबेथ हारग्रेव्ह यांचा २०१९ सालचा पक्ष्यांचा खेळ. २०२२ साली त्याची आशियातल्या पक्ष्यांची आवृत्तीही आली. अंबाझरीला दुर्बीण घेऊन फिरणारी मंडळी यात रमून जातात. पण प्रत्येक पत्त्यावर इंग्रजी मजकूर आहे आणि पहिला डाव नियमांसकट अडीच तास खातो.

असे खेळ गुरुवारी घेऊ नका. ते घेतले की त्या रात्री नवीन आलेल्याला बसायला जागा उरत नाही. त्यासाठी महिन्यातून एक शनिवारची दुपार वेगळी काढा. कोणता खेळ ते दहा दिवस आधी सांगा, चारच जागा ठेवा, आणि ज्यांनी नाव दिलं त्यांनी नियमांचा व्हिडिओ पाहून यावं असं स्पष्ट म्हणा. बुधवारपर्यंत चार नावं आली नाहीत तर तीन जणांत होईल असा खेळ निवडा आणि तसं कळवा.